सैंधव, जिप्सम आणि काळा दगड: यूपीव्ही यंत्रावर लहरींचा वेग मोजताना

मिठातून भूकंपलहरी कशा जातात यावरचे विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट वाचताना एक गोंधळ हमखास सापडतो. एका अहवालात लिहिलेलं असतं की मीठ लहरींचा वेग वाढवतं, दुसऱ्यात लिहिलेलं असतं की मीठ त्यांना मंदावतं. दोन्हींत मिठाचा मोजलेला वेग मात्र सेकंदाला ४००० मीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणजे मुळात मोजणीच चुकलेली. मोजणी का चुकते आणि मोजल्यानंतर अर्थ लावताना कुठे घसरायला होतं, त्यासाठी हा लेख आहे.

साधन आपल्याकडे आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या सिव्हिल इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत काँक्रीटचे ठोकळे तपासायला यूपीव्ही (अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी) यंत्र असतं. एका प्रोबमधून ध्वनीचा ठोका सोडायचा, समोरच्या प्रोबवर तो किती मायक्रोसेकंदांत पोचला ते पाहायचं. ही लहर म्हणजे भूकंपातली पी-लहरच, म्हणजे दगडाला पुढे-मागे दाबत जाणारी, सगळ्यांत आधी पोचणारी लहर; फक्त वारंवारता खूप जास्त.

## टप्पा १: यंत्राला हात लावण्याआधी आकडे लिहून ठेवा

कोणत्या खनिजाला काय उत्तर यायला हवं हे माहीत नसेल तर चुकलेलं उत्तरही बरोबर वाटतं. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहा. वेग पी-लहरीचा, मीटर प्रति सेकंदात. घनता ग्रॅम प्रति घनसेंमीमध्ये.

- हॅलाइट, म्हणजे सैंधव: वेग सुमारे ४५००, घनता २.१६
- सिल्वाइट, म्हणजे पोटॅशचं मीठ: वेग सुमारे ४१००, घनता १.९८
- जिप्सम: वेग ५७०० ते ५८००, घनता सुमारे २.३
- अ‍ॅनहायड्राइट: वेग ६००० ते ६५००, घनता सुमारे २.९६
- पोकळ्या नसलेला घट्ट बेसॉल्ट: वेग साधारण ५५०० ते ६५००, घनता २.८ ते २.९

आता जिप्सम आणि बेसॉल्टच्या ओळी शेजारी ठेवून पाहा. जिप्सम नखाने खरवडतं, वजनाला हलकं, तरी त्याचा वेग काळ्या दगडाच्या जवळ जातो. ‘जड दगडात लहर जास्त पळते’ हे वाक्य अहवालात लिहिणाऱ्यांनी इथेच थांबावं. वेगाच्या सूत्रात घनता छेदात असते, अंशात असतो तो दगडाचा ताठरपणा. जड दगड बहुधा ताठरही असतात म्हणून त्यांच्यात वेग जास्त दिसतो, घनतेमुळे नव्हे.

सावध: ‘इव्हॅपोराइट’ असा एकच गट करून एकच वेग लिहू नका. समुद्र किंवा सरोवर आटून बनलेली ही खनिजं एकत्र सापडतात खरी, पण सिल्वाइट आणि अ‍ॅनहायड्राइटच्या वेगात जवळजवळ दीडपट फरक आहे.

## टप्पा २: नमुना मिळवणं

खानदेशात जमिनीखाली सैंधव नाही. आपल्याकडे खाली बेसॉल्टचे थर, त्यांना छेदून गेलेल्या धुळे-नंदुरबारकडच्या डाइकच्या, म्हणजे भेगांत गोठलेल्या लाव्हाच्या, भिंती, आणि तापीकाठी गाळ. त्यामुळे मिठाचा दगड बाजारातूनच आणावा लागतो. गुलाबी सैंधव मूळचं पाकिस्तानातल्या पंजाबच्या मीठ-रांगांमधलं, खेवड्याच्या बाजूचं. हिमाचलात मंडीकडे निघणारं सैंधव मळकट, मातीमिश्रित असतं. त्याचा वेग शुद्ध हॅलाइटसारखा येणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका.

किराणा दुकानातले सुपारीएवढे खडे निरुपयोगी. गुरांना चाटायला गोठ्यात टांगतात तो मोठा धोंडा शोधा. दोर-कासरे, घुंगरं विकणाऱ्यांकडे, पशुखाद्याच्या दुकानात किंवा दाणाबाजारात तो मिळतो. इथे तीन फसगती होतात.

पहिली, पशुखाद्याच्या दुकानात मिठाची वीटही मिळते. ती पूड दाबून, त्यात खनिजं मिसळून बनवलेली असते. कडा अगदी सरळ असल्याने मुलांना तीच आवडते, कापायचं काम वाचतं ना! पण तिच्या कणांमध्ये हवा असते. तो वेग कारखान्यातल्या दाबयंत्राचा, खडकाचा नव्हे. दुसरी, शोभेचा मिठाचा दिवा. तो आतून पोखरलेला असतो. लहर पोकळीला वळसा घालून येते आणि वेळ वाढते. तिसरी, धोंड्यातले लाल-तपकिरी पट्टे. ते मातीचे असतात. ज्या भागात पट्टे नाहीत, दाणे काचेसारखे दिसतात, तो भाग निवडा.

जिप्सम खताच्या दुकानात मिळेल, चोपण जमिनीत टाकायला शेतकरी नेतातच, पण ते भुकटी स्वरूपात. तुम्हाला दगड हवा, तोही बारीक दाण्यांचा, पांढरा. चकाकणाऱ्या पापुद्र्यांचं पारदर्शक जिप्सम टाळा. त्यात पापुद्र्यांच्या दिशेने वेग एक आणि आडव्या दिशेने दुसराच येतो.

बेसॉल्टला तोटा नाही. कोणत्याही खडी क्रशरवर विचारा. फक्त खाणीतून येताना मुलं हटकून पोकळ्यांचा दगड उचलतात, कारण त्यात झिओलाइटचे सुंदर स्फटिक असतात. जळगावच्या स्फटिकांना जगभर मागणी आहे ती वेगळी गोष्ट; तुलनेला घट्ट, एकसारखा तुकडा घ्या.

तपासणी: धोंडा उन्हाकडे धरा. आरपार पांढरी रेघ दिसली तर ती भेग. दुसरा निवडा.

## टप्पा ३: आकार किती हवा

बहुतेक चुका इथे होतात, आणि त्या शेवटपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाहीत.

काँक्रीटसाठीचे प्रोब बहुधा ५४ किलोहर्ट्झचे असतात. ४५०० ला ५४,००० ने भागलं की मिठातली तरंगलांबी येते: सुमारे ८३ मिमी. नमुन्याची आडवी रुंदी यापेक्षा कमी असली तर लहर मोकळ्या खडकातून जावी तशी जात नाही, कांबीतून जावी तशी जाते. कांबीतला वेग मुळातच कमी असतो. मिठासाठी तो ४१००च्या आसपास, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी खाली. तुम्ही ५० मिमी जाडीचा सुबक तुकडा कापला, सगळं काळजीपूर्वक केलं, तरी उत्तर चुकणार.

म्हणून मिठाचा ठोकळा ९० × १२० × १५० मिमीच्या आसपास ठेवा. तिन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या. त्याचा उपयोग टप्पा ६ मध्ये होतो. जिप्सम आणि बेसॉल्टमध्ये वेग जास्त, त्यामुळे तरंगलांबीही जास्त, १०५ मिमीच्या पुढे. त्यांची लहान बाजू किमान ११० ते १२० मिमी हवी. एवढा दगड मिळत नसेल तर १५० किलोहर्ट्झचे प्रोब कुठे आहेत ते विचारा. त्यांना मिठाची ३० मिमी रुंदीही पुरते.

## टप्पा ४: कापणं, घासणं, वाळवणं

फरशी-मार्बलवाल्याकडे नमुना नेणार असाल तर आधीच सांगा: पाणी सोडायचं नाही. त्याचा हात सवयीने नळाकडे जातो आणि मिठाच्या कडा डोळ्यांदेखत विरघळतात. मीठ कोरडंच, हळूहळू, थांबत-थांबत कापायचं. घाई केली की पातं तापतं आणि मीठ तडकतं, कारण तापल्यावर मीठ बेसॉल्टच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. हॅक्सॉने कापलं तर वेळ लागतो, पण भेगा कमी पडतात.

समोरासमोरच्या बाजू समांतर हव्यात. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ठोकळा फिरवा, आधी जाड, मग बारीक.

वाळवताना जिप्समचा बळी जातो. काँक्रीट आणि मातीच्या कामाच्या सवयीने मुलं सगळेच नमुने १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवतात. जिप्समच्या रचनेतच पाणी असतं. त्या तापमानाला ते निघून जातं आणि सकाळी हातात प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिसूळ, सच्छिद्र गोळा उरतो. बाहेरून रंग-आकार तोच, त्यामुळे संशयही येत नाही. जिप्सम खोलीच्या तापमानाला, सिलिका जेल घातलेल्या डिसिकेटरमध्येच, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यातच, वाळवा. मिठालाही तेच बरं.

ऋतूही बघा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. आषाढ-श्रावणात हा प्रयोग ठेवणं म्हणजे ओलं मीठ मोजणं. फाल्गुन ते वैशाख हवा कोरडी असते, पण तेव्हा वेगळा धोका: बाहेरच्या ४४ अंशांतून गाडीच्या डिकीतला धोंडा थेट एसीच्या खोलीत आणला तर तो आतून तडकू शकतो. पोत्यात गुंडाळून आणा आणि खोलीत तसाच रात्रभर ठेवा.

तपासणी: जिप्समचं वजन वाळवण्याआधी आणि नंतर घ्या. मोठी घट दिसली तर तो नमुना बाद. पूर्ण पाणी गेलं तर वजन सुमारे २१ टक्क्यांनी घटतं.

## टप्पा ५: शून्य जुळवणं आणि वाचन घेणं

यंत्राबरोबर एक प्रमाण कांडी येते, तिच्यावर किती मायक्रोसेकंद ते छापलेलं असतं. प्रोब कांडीला लावा, आकडा जुळवा, मगच पुढे जा. केबल किंवा प्रोब बदलला की पुन्हा जुळवा. काँक्रीटच्या मोठ्या बीमवर एखादा मायक्रोसेकंद इकडे-तिकडे झाला तर कोणी विचारत नाही. इथे ९० मिमीच्या मिठात लहर सगळे मिळून २० मायक्रोसेकंद घेते; एक मायक्रोसेकंद चुकला की उत्तर जवळपास ५ टक्क्यांनी बिघडतं. लांबीत अर्धा मिमी चुकला तर फक्त अर्धा टक्का. व्हर्नियरवर डोळे ताणण्यापेक्षा वेळेवर लक्ष ठेवा.

प्रोब आणि दगड यांच्यात हवा राहू नये म्हणून मधे काहीतरी लावावं लागतं. सोनोग्राफीचं जेल मिठाला चालत नाही, त्यात पाणी असतं. ग्रीस किंवा व्हॅसलीन पातळ लावा. थर जाड झाला की तो स्वतःच वेळ खातो.

मग क्रम असा:

1. दोन्ही प्रोब समोरासमोर, मध्यभागी. एकाच पृष्ठावर दोन्ही ठेवून वाचन घेऊ नका.
2. दोन्हीकडून सारखा दाब द्या, आकडा स्थिरावू द्या. थरथरणारा आकडा म्हणजे कमकुवत संकेत. ग्रीस पुसून पुन्हा लावा.
3. वाचन लिहा, प्रोब उचला, पुन्हा लावा, पुन्हा लिहा. प्रोब न उचलता घेतलेली पाच वाचनं ही खरं तर एकच असतात.
4. दोन्ही प्रोबच्या जागा अदलाबदल करून तपासा.
5. तिन्ही बाजूंनी हेच करा.

संकेत कमकुवत असला तर यंत्र पहिली लहर चुकवून तिच्या मागची पकडतं. आकडा स्थिर असतो, पण मोठा. तरंगरेषा दाखवणारं यंत्र असेल तर पहिली हालचाल डोळ्यांनी शोधा.

काम झालं की प्रोबचे धातूचे चेहरे कोरड्या फडक्याने पुसा. मीठ राहिलं तर ते गंजतात, आणि मग लॅब असिस्टंट भाऊसाहेब पुढच्या वर्षी तुमच्या विभागाला यंत्र देत नाहीत.

## टप्पा ६: हिशोब, आणि वाचन कधी फेकायचं

समजा मिठाच्या ठोकळ्यावर ९० मिमीला २१.४, १२० मिमीला २८.१ आणि १५० मिमीला ३४.८ मायक्रोसेकंद आले. प्रत्येकाचा सरळ भागाकार केला तर वेग येतात ४२०६, ४२७० आणि ४३१०. लांबी वाढते तसा वेग वाढतोय! मिठाला आपली लांबी ठाऊक नसते. असा चढता क्रम दिसला की शून्य चुकलंय असं समजा.

आता फरकाने काढा. ६० मिमी जास्त जायला १३.४ मायक्रोसेकंद जास्त लागले. वेग सुमारे ४४८०. उरलेला १.३ मायक्रोसेकंद यंत्राचा आणि ग्रीसचा. तिन्ही बाजू वेगळ्या ठेवायच्या त्या यासाठीच. हॅलाइटच्या एकट्या स्फटिकात दिशेनुसार वेग थोडा बदलतो, पण धोंड्यात दाणे वाटेल तसे पडलेले असल्याने तो फरक बहुतेक पुसला जातो. जिप्सममध्ये मात्र दिशेचा परिणाम राहू शकतो, म्हणून तिथे तिन्ही बाजूंची वाचनं वेगळीही दाखवा.

घनता काढताना दगड पाण्यात बुडवायची पद्धत मिठाला लावू नका. लांबी-रुंदी-उंची मोजून आकारमान काढा, किंवा मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवा आणि हिशोबात त्या द्रावणाची घनता, सुमारे १.२, धरा. पाण्याची १ धरलीत तर सगळं मुसळ केरात.

सगळं नीट करूनही मिठाचा वेग ४३००–४४०० वर अडकला तर घाबरू नका. खाणीतून वर येताना दाब सुटतो आणि बारीक भेगा पडतात. जमिनीखाली त्या दाबाने मिटलेल्या असतात. अहवालात तसं लिहा, आकडा ओढून-ताणून ४५०० करू नका.

सावध: यंत्राच्या पुस्तिकेतला काँक्रीटच्या दर्जाचा तक्ता दगडांना लावू नका. ‘सैंधवाचा दर्जा चांगला, बेसॉल्टचा उत्तम’ असे निष्कर्ष छापील अहवालात वाचायला मिळतात.

## टप्पा ७: ठोकळ्यातून जमिनीखाली

आता मूळ प्रश्न. मीठ लहरीला पळवतं की रोखतं? शेजारी कोण आहे ते सांगितल्याशिवाय याला उत्तर नाही.

गाळाचा खडक जितका खोल तितका दाबला जातो, त्यातली छिद्रं मिटतात, वेग वाढतो. मिठात दाबायला छिद्रंच नसतात. ते एक किलोमीटरवर असो वा चारवर, वेग ४५००च्या आसपासच. म्हणून उथळ जागी, जिथे गाळाचा वेग ३००० असेल, तिथे मीठ वेगवान. खूप खोल, जिथे गाळ ५०००ला पोचला, तिथे तेच मीठ मंद. दोन्ही अहवाल अर्धे-अर्धे बरोबर होते.

परावर्तनासाठी, म्हणजे दोन थरांच्या सीमेवरून लहर किती परतते ते काढण्यासाठी, वेग (किमी प्रति सेकंदात) आणि घनता यांचा गुणाकार घ्या. मिठाचा ४.५ × २.१६ = ९.७. उथळ गाळ ३.० × २.३ = ६.९. खालच्यातून वरचा वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा: सुमारे +०.१७, ठसठशीत परावर्तन. खोलवर गाळाचा वेगही ४.५ झाला आणि घनता २.५ असली तर गुणाकार ११.२५. वेग सारखाच, तरी परावर्तन −०.०७, आणि चिन्ह उलटं. वेग सारखा म्हणजे सीमा अदृश्य, असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण स्वतः सोडवून पाहावं. मिठावर अ‍ॅनहायड्राइटचा थर असला तर १८.१ (६.१ × २.९६) वरून ९.७ वर उतरताना −०.३० येतं, लहरीच्या उंचीचा सुमारे तीस टक्के भाग तिथूनच माघारी.

### वर ओढलेला तळ

सेस्मिक छेदाची, म्हणजे परतलेल्या लहरींवरून काढलेल्या जमिनीखालच्या चित्राची, उभी बाजू वेळेची असते, खोलीची नव्हे, हे विसरलं की पुढची चूक होते. मिठाचा १००० मीटर जाड घुमट घ्या. जाऊन-येऊन लहरीला त्यात ०.४४ सेकंद लागतात. शेजारच्या ३००० वेगाच्या गाळात तेवढ्याच जाडीला ०.६७ सेकंद. मिठाखालचा सपाट थर ०.२२ सेकंद आधी ‘दिसतो’, म्हणून छेदावर तो फुगून वर आलेला वाटतो. रस्ता चौपदरी झाल्यावर धुळं जळगावच्या जवळ सरकलं नाही, एसटी लवकर पोचायला लागली एवढंच. तो फुगवटा खरा समजून त्यावर विहीर खोदायची शिफारस प्रोजेक्टमध्ये करू नका. आधी वेळ आणि वेग वापरून खोली काढा, मग बोला.

घुमटाच्या उतरत्या बाजूंवर आणखी एक अडचण. ३००० वरून ४५०० मध्ये शिरताना लहर सुमारे ४२ अंशांपेक्षा तिरकी असली तर पी-लहर म्हणून आत जातच नाही. शिवाय मिठातल्या एस-लहरीचा, म्हणजे दगडाला आडवं हलवत जाणाऱ्या संथ लहरीचा, वेग २६००च्या आसपास, बाहेरच्या गाळातल्या पी-लहरीला जवळचा. त्यामुळे पी-लहरीची बरीच ऊर्जा एस-लहर होऊन आत शिरते. मिठाखालचं चित्र धूसर येण्यामागे ही दोन्ही कारणं असतात.

### जिप्सम मोजलं, अ‍ॅनहायड्राइट लिहिलं

प्रयोगशाळेतला जिप्समचा आकडा किलोमीटर-दोन किलोमीटर खोलीला वापरू नका. खाली उष्णतेने जिप्सममधलं पाणी जातं आणि तिथे सहसा अ‍ॅनहायड्राइटच असतं, घट्ट आणि जास्त वेगाचं. हा बदल आणि ओव्हनमधला बदल यांत गल्लत नको: खाली दाबाखाली छिद्रं मिटतात, ओव्हनमध्ये ती उघडी राहतात.

### लपलेला थर

प्रणमन पद्धतीत, म्हणजे रिफ्रॅक्शनमध्ये, लहर खालच्या थराला चाटून परत येण्यासाठी खालचा थर वेगवान असावा लागतो. अ‍ॅनहायड्राइटखाली मीठ असेल तर वेग ६१०० वरून ४५०० ला घसरतो आणि त्या मिठाच्या माथ्यावरून चाटून येणारी लहर मिळतच नाही. प्रवासवेळेच्या आलेखावर मीठ जणू नसतंच, आणि त्याखालच्या थरांच्या खोल्या चुकतात.

आपल्या पायाखालीही हाच प्रश्न आहे, मीठ नसलं तरी. वेगवान बेसॉल्ट वर, आणि त्याखाली गाळाचे जुने खडक असले तर ते मंद. फरक एवढाच की मीठ बहुधा आत एकसारखं असतं, तर आपला बेसॉल्ट घट्ट थर, पोकळ्यांचा थर, तांबडा बोल (दोन थरांमधली लाल माती) असा एकावर एक रचलेला; लहर त्यात जागोजागी विखुरते. म्हणून मिठासाठी लिहिलेली पद्धत बेसॉल्टवर जशीच्या तशी उचलून लावू नका.

### अहवालात लिहिताना

मोजलेल्या वेगाशेजारी प्रोबची वारंवारता, नमुन्याच्या तिन्ही बाजू आणि खोलीचं तापमान हे तीन आकडे हवेतच. जमिनीवरच्या सर्वेक्षणात ३० हर्ट्झची लहर मिठात १५० मीटर लांबीची असते, तुमच्या ठोकळ्यात ८३ मिमीची. कोरड्या, छिद्रं नसलेल्या मिठात या फरकाने वेग फारसा बदलत नाही. ओल्या, सच्छिद्र खडकात बदलतो. तुलनेसाठी वाळूचा खडक किंवा पोकळ्यांचा बेसॉल्ट घेतला असेल, तर त्या आकड्यापुढे ‘५४ किलोहर्ट्झवर, कोरडा नमुना’ हे शब्द लिहिल्याशिवाय वही तपासायला देऊ नका.